मेडिसिन ओपीडीत नैराश्य ओळखायला कुठली प्रश्नावली बरी?

कातळफूल
नमस्कार मंडळी. तळकोकणात एका छोट्या रुग्णालयात मी मेडिसिनची ओपीडी बघते. सोमवार आणि गुरुवार, दिवसाला नव्वदच्या आसपास केसपेपर. मधुमेह, बीपी, संधिवात, दमा, टीबीचा कोर्स चालू असलेले. दरवेळी त्यात आठ-दहा जण असे असतात की तक्रार तीच आणि रिपोर्ट नॉर्मल. अंगात त्राण नाही, झोप नाही, जेवण जात नाही, हातापायांची आग होते.

त्यातल्या एका काकींमुळे हा धागा काढतेय. सहा महिन्यांत मी त्यांचं थायरॉइड तीनदा तपासलं, हिमोग्लोबिन चारदा. बी-१२ची इंजेक्शनं झाली. परवा बीपीचा पट्टा गुंडाळता गुंडाळता आमच्या सिस्टरनी विचारलं, "काकी, घरात आता कोण कोण असतं?" काकींनी पदर डोळ्यांना लावला तो कितीतरी वेळ काढलाच नाही. मी शेजारच्या टेबलावर पुढचा केसपेपर लिहीत होते. फार वाईट वाटलं, कारण हा प्रश्न सहा महिन्यांत मी एकदाही विचारला नव्हता.

आता नंबर लावून बसलेल्या प्रत्येकाला एक छोटी प्रश्नावली द्यायचा विचार आहे. पीएचक्यू-९, हॅड्स आणि जीएचक्यू-१२ ही तीन नावं सारखी वाचनात येतात. कुणी प्रत्यक्ष वापरली आहेत का? मराठीत? आणि निम्मे पेशंट चष्मा घरी विसरून येतात, त्यांचं काय करता?

घाटमाथा
महत्त्वाचा धागा. रुमाल टाकून ठेवतो, जाणकार येतीलच.

निळीशाई
कातळफूल, मी मानसोपचारात आहे, पुण्याजवळ. आधी एक सांगतो, थायरॉइड तपासलंत त्यात काही चुकलं नाही. थायरॉइड कमी असलं की माणूस अगदी असाच दिसतो, ते बघायलाच हवं.

आता प्रश्नावल्या. तुमच्या ओपीडीत खरी अडचण ही की नैराश्याची निम्मी लक्षणं शरीराची आहेत. थकवा, झोप, भूक. टीबीच्या पेशंटलाही हे तिन्ही असतं, वाढलेल्या शुगरलाही थकवा असतो. मग मोजायचं काय?

हॅड्स ह्याच अडचणीतून जन्माला आली. झिगमंड आणि स्नेथ यांनी १९८३ साली ती खास रुग्णालयांच्या मेडिकल ओपीडीसाठी बनवली. चौदा प्रश्न, सात चिंतेचे आणि सात नैराश्याचे. झोप, भूक, वजन हे मुद्दाम गाळलंय. नैराश्याचे प्रश्न मुख्यतः आनंद हरवलाय का याभोवती फिरतात. पूर्वी ज्या गोष्टीत मजा यायची ती अजून येते का, हसू येतं का, स्वतःच्या दिसण्याकडे लक्ष उरलंय का. दोन्ही भागांना वेगवेगळे एकवीस गुण, आठच्या पुढे शंका, अकराच्या पुढे दाट शंका.

पीएचक्यू-९ने उलट वाट धरली. स्पिट्झर, विल्यम्स आणि क्रोएन्के यांची, पडताळणीचा मुख्य लेख २००१चा. निदानाचे जे नऊ निकष आहेत तेच नऊ प्रश्न केले, थकवा-झोप-भूक सगळं धरून. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस असं झालं, यावर प्रत्येकी शून्य ते तीन, एकूण सत्तावीस. पाचला सौम्य, दहाला मध्यम, पंधराला मध्यम-तीव्र, वीसला तीव्र. त्यामुळे टीबीचा पेशंट मनाने ठणठणीत असूनही सहा-सात गुण सहज काढतो. पण ती फुकट आहे, आणि उपचार चालू केल्यावर महिन्याने परत मोजता येते. हॅड्सला परवाना घ्यावा लागतो. जीएचक्यूलाही.

जीएचक्यूची वेगळी गंमत. तिच्यात सगळं "नेहमीपेक्षा" असं विचारलंय. नेहमीपेक्षा झोप कमी झाली का? आता ज्याला चार वर्षं झोप नाही तो म्हणतो, "नेहमीसारखीच." शून्य गुण! जुनं दुखणं तिच्या जाळीतून निसटू शकतं.

माझं मत पीएचक्यू-९.

आकडेमोड
पेशंटला कागद देण्याआधी एक हिशेब करून बघा. मी जनआरोग्यात आहे, सवयीने करतो.

पीएचक्यू-९ला दहा ही रेघ धरली की खरोखर नैराश्य असलेल्या शंभरातले साधारण ८८ पकडले जातात, आणि नसलेल्या शंभरातले ८५ बरोबर बाजूला होतात. जगभरच्या अभ्यासांची कच्ची आकडेवारी एकत्र करून २०१९मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आलेलं विश्लेषण हे सांगतं.

समजा तुमच्या शंभर पेशंटांत दहा जणांना नैराश्य आहे. त्यातले नऊ सापडतील. उरलेल्या नव्वदातले तेरा-चौदा उगाच अडकतील. म्हणजे कागदावर "पॉझिटिव्ह" बावीस-तेवीस, खरे नऊ. आता समजा शंभरात तीस जणांना आहे. सव्वीस सापडतील, दहा-अकरा उगाच. सदतीसात सव्वीस खरे. प्रश्नावली तीच, पेशंट बदलले की तिचा अर्थ बदलला.

म्हणून दहाच्या वर गुण आले की लगेच गोळी, असं कृपा करून नको. ती फक्त चाळणी आहे. गहू नंतर हाताने निवडावाच लागतो.

वाटसरू५६
मला हा सगळा प्रकारच पटत नाही. आमच्याकडे आंब्याला दोन वर्षं भाव नाही, मोहर गळला, सोसायटीचं कर्ज डोक्यावर. त्या माणसाला झोप कशी लागेल? त्याच्या दुःखाला गुण देऊन काय होणार? त्याला आंब्याला भाव द्या.

निळीशाई
वाटसरू, भाव मिळायलाच हवा, त्यात वाद नाही. पण पायावर झाड पडून हाड मोडलं तर झाड का पडलं हे माहीत असूनही आपण प्लास्टर घालतोच ना? कारण कळलं म्हणून दुखणं कमी होत नाही. आणि नैराश्यात बुडालेल्या माणसाला कर्जाच्या पुनर्गठनाचा अर्ज भरायलाही बळ उरत नाही, हे मी रोज बघतो.

वाटसरू५६
प्लास्टरचं पटलं. भावाचं सोडणार नाही.

काजूबी
गोव्यातून लिहितेय. इथे प्राथमिक आरोग्यकेंद्रात काम करते. निळीशाई, जीएचक्यूला इतकं खाली ढकलू नका. तुम्ही सगळे ज्याची चर्चा करताय नेमकी तीच तुलना आमच्याकडे झालेली आहे. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्या पाच दवाखान्यांमधल्या ५९८ पेशंटांवर पाच प्रश्नावल्या ताडून बघितल्या. जीएचक्यू-१२, पीएचक्यू, के-१०, के-६ आणि जागतिक आरोग्य संघटनेची एसआरक्यू-२०. कसोटी म्हणून सविस्तर मुलाखत. २००८ साली हे प्रसिद्ध झालं.

पाचही कामाच्या निघाल्या. त्यातल्या त्यात सरस ठरल्या जीएचक्यू आणि एसआरक्यू! पण आकडेमोड म्हणतात ती गोष्ट तिथेही दिसली. योग्य रेघ धरूनही, पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी मुलाखतीत खरे ठरलेले ५१ ते ७७ टक्के. चाळणी कुठलीही घ्या, खडे राहतातच.

एसआरक्यू-२०चं नाव इथे कुणीच घेतलं नाही म्हणून सांगते. वीस प्रश्न, सगळे हो किंवा नाही. डोकं दुखतं का, हात थरथरतात का, रडू येतं का. आमच्या म्हाताऱ्या पेशंटांना हो-नाही फार सोपं जातं. "निम्म्याहून जास्त दिवस" म्हटलं की त्या आमच्याच तोंडाकडे बघतात.

निळीशाई
काजूबी, मान्य, त्या अभ्यासात जीएचक्यू पुढे होती. एक फरक मात्र धरायला हवा. तिथे शोधायचे होते "सामान्य मानसिक विकार", म्हणजे नैराश्य आणि चिंता दोन्ही मिळून. जीएचक्यू आणि एसआरक्यू त्याच कामाच्या. पीएचक्यू-९ फक्त नैराश्याची. कातळफूल यांना काय शोधायचंय त्यावर उत्तर ठरेल. तरी "नेहमीपेक्षा"बद्दल मी जरा जास्तच ठामपणे लिहिलं होतं, ते मागे घेतो.

सांजवारा
मी डॉक्टर नाही, पेशंट आहे. संधिवात, अकरा वर्षं. तुमच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूचं सांगते.

एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयात मला असा फॉर्म दिला होता. बाकावर माझ्या एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला अनोळखी काका. क्लिपबोर्डला पेन दोरीने बांधलेलं, दोरी इतकी आखूड की फॉर्म मांडीवर वाकडा धरावा लागत होता. "आपण कुचकामी आहोत असं वाटतं का?" ह्या प्रश्नापाशी आले आणि जाणवलं की नवराही वाचतोय. मी "अजिबात नाही"वर खूण केली. पुढच्या सगळ्यांवरही तीच केली.

खरं उत्तर वेगळं होतं. सकाळी बोटं आखडलेली असायची, कणीक मळता यायची नाही, मुलगी डबा न घेता जायची. त्या काळात रोज वाटायचं की ह्या घरात माझा उपयोग काय.

फॉर्म काउंटरवर एका गठ्ठ्यात गेला. आत डॉक्टरांनी तो बघितला नाही, विषयही निघाला नाही. तेव्हा कुठली प्रश्नावली हे जरूर ठरवा, पण ती कुठे बसून भरायची आणि भरल्यावर कोण वाचणार हे त्याआधी ठरवा. विचारून मग दुर्लक्ष करणं हे न विचारण्यापेक्षा जास्त लागतं.

घाटमाथा
सांजवारा, मनापासून लिहिलंत. आता बोटं कशी आहेत?

सांजवारा
आता बरी आहेत. कणीक मळते. दोन वर्षांनी दुसऱ्या एका डॉक्टरांनी नुसतं विचारलं होतं, "कंटाळलात ना?" तिथून सगळं सुरू झालं.

पेटीमास्तर
वय वर्षे ७१. मला एक शंका आहे. पीएचक्यूचा नववा प्रश्न नातवाने वाचून दाखवला. मेलेलं बरं, किंवा स्वतःला इजा करावी, असे विचार येतात का? अहो, आमच्या पिढीत प्रत्येक म्हातारं माणूस दिवसातून दोनदा म्हणतं, "देवाने उचललं तर बरं." माझी आई नव्वदीपर्यंत रोज म्हणायची आणि वर दोन वाट्या श्रीखंड खायची. तिला तर तुम्ही थेट भरतीच करून घेतलं असतं!

निळीशाई
पेटीमास्तर, आईंच्या श्रीखंडाला नमस्कार. शंका अगदी रास्त आहे. त्या एका प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मरण यावं असं वाटणं आणि स्वतःला काही करून घेणं. म्हणून तिथे शून्य सोडून काहीही आलं तर एकूण गुण न बघता त्याच दिवशी समोर बसून बोलायचं. आजी, देवाने उचलावं म्हणता, पण स्वतः काही करून घ्यावं असं मनात येतं का? कसं करायचं हेही ठरवलंय का? असं सरळ विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही, ही भीती खोटी आहे. उलट बऱ्याच जणांना कुणीतरी विचारलं म्हणून सुटल्यासारखं वाटतं.

ज्येष्ठांसाठी वेगळी जीडीएस आहे. छोटी आवृत्ती पंधरा प्रश्नांची, सगळे हो-नाही, शारीरिक लक्षणं वगळून. तुमच्या वयोगटाला मी तीच देतो.

मोगरावेणी
थोडं अवांतर. मी लसीकरणाच्या दिवशी बाळंतिणींना एडिनबरा प्रश्नावली देते. दहा प्रश्न, १९८७ची. तिच्यातला झोपेचा प्रश्न मला फार आवडतो. झोप लागत नाही का असं ती विचारतच नाही, कारण तान्हं बाळ असलेल्या कुठल्या बाईला झोप लागते? ती विचारते, इतकं दुःखी वाटतं का की त्यामुळे झोप लागत नाही. एका "त्यामुळे"ने केवढा फरक पडतो! तुमच्या टीबीच्या पेशंटांशी बोलताना हा "त्यामुळे" उपयोगी पडेल.

रानजाई
मी भाषांतराची कामं करते म्हणून भाषेबद्दल. हॅड्समध्ये भीतीने पोटात फुलपाखरं उडतात अशा अर्थाचा एक प्रश्न आहे. तसाच मराठीत उतरवला तर पेशंट म्हणेल, पोटात फुलपाखरं कशी जातील? आपल्याकडे पोटात गोळा येतो. तेवढं लिहिलं की काम झालं.

आणि "नैराश्य" हा शब्द बोलण्यात आहेच कुठे? "उदास"ही गाण्यातला वाटतो. आपल्याकडे एक अस्सल शब्द पडून आहे: करमत नाही. कशातच गोडी नाही, कुठेच जीव रमत नाही, सगळं त्यात आलं.

घाटमाथा
पण रानजाई, नवीन नवरीलाही सासरी करमत नाही, आणि होस्टेलला गेलेल्या पोरालाही करमत नाही. सगळे पॉझिटिव्ह येतील की.

रानजाई
त्यांना घरी आणलं की करमतं. ह्यांना स्वतःच्या घरात करमत नाही, भरल्या घरात करमत नाही. म्हणून "कशातच" हा शब्द जोडायचा. कशातच करमत नाही का?

काजूबी
मालवणीत "खंयच जीव रमणा नाय" म्हणतात. कातळफूल यांच्या सिस्टरना माहीत असेलच.

वाटसरू५६
विदर्भात "करमून नाही राह्यलं". आमचे व्याही म्हणतात.

निळीशाई
सुंदर चाललंय, पण एक सावधगिरी. छापील प्रश्नावलीतले शब्द मनाने बदलले की तिचे गुण आणि रेघा तशाच लागू पडतील याची खात्री राहत नाही. भाषांतर करायचं तर दुसऱ्या माणसाकडून ते उलट मूळ भाषेत करून घेतात, पेशंटांवर तपासतात, मग वापरतात. कागद तसाच ठेवा. वाचून दाखवल्यावर कळलं नाही, तर तोंडी समजावताना "करमत नाही" खुशाल वापरा.

आकडेमोड
सांजवारा यांचा मुद्दा धोरणातही आहे. अमेरिकेच्या तज्ज्ञगटाने २०१६मध्ये सर्व प्रौढांची चाळणी करा असं सांगितलं, पण अट घातली की पुढचं निदान, उपचार आणि पाठपुरावा यांची सोय हवी. कॅनडाच्या गटाने २०१३मध्ये सरसकट चाळणी नकोच म्हटलं. कातळफूल, तुमच्याकडे पुढची सोय काय आहे?

कातळफूल
प्रतिसाद वाचून खूप धीर आला. सोय म्हणाल तर मानसोपचारतज्ज्ञ महिन्यातून दोनदा येतात. जिल्हा रुग्णालय दीड तासावर. एरवी मी आणि सिस्टर.

काजूबी
मग समुपदेशनाचं बघा. आमच्याकडे मध्यम-तीव्र आणि तीव्र नैराश्याच्या, म्हणजे पीएचक्यू-९ला चौदाच्या वर गुण आलेल्या पेशंटांवर एक प्रयोग झाला. गावातल्याच, मानसोपचाराची पदवी नसलेल्या माणसांना शिकवून तयार केलं आणि त्यांनी प्रत्येकी सहा ते आठ बैठका घेतल्या. मुख्य भर एकच, माणसाला थोडंथोडं त्याच्या कामांकडे परत वळवायचं. तीन महिन्यांनी नैराश्यातून बाहेर आलेले ६४ टक्के, बैठका न मिळालेल्या गटात ३९. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलंय, २०१७. तुमच्या सिस्टरनी बीपीचा पट्टा गुंडाळताना जे केलं, त्याची ती पुढची पायरी आहे. त्यांना शिकवा.

निळीशाई
आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा. ऑक्टोबर २०२२पासून आहे, चोवीस तास, फुकट. नवव्या प्रश्नाला होकार आला आणि तज्ज्ञांचा दिवस नसला, तर पेशंटला समोर बसवून तुम्हीच फोन लावून द्या. त्याच्या बरोबर आलेल्या माणसालाही विश्वासात घ्या. घरात फवारणीचं औषध असेल तर ते कुलपात ठेवायला किंवा शेजारी द्यायला सांगा. बागायतीच्या भागात हे विसरू नका.

कातळफूल
तीन आठवड्यांनी परत आलेय.

सगळ्यांना नऊ प्रश्न जमेनात, नव्वद जणांत ते शक्यच नव्हतं. म्हणून आधी दोनच, हो-नाही: गेल्या महिन्यात खूप उदास, निराश वाटलं का? आणि कशात गोडी वाटेनाशी झाली का? हे व्हूली यांचे दोन प्रश्न, १९९७चे. त्यात खरे पेशंट फारसे सुटत नाहीत, पण उगाच अडकणारे पुष्कळ असतात. एकाला जरी हो आलं तरच पुढे पीएचक्यू-९, आणि ती बाकावर नाही. ड्रेसिंगच्या खोलीत, पडदा ओढून, सिस्टर वाचून दाखवतात. नातेवाईक बाहेर. सांजवारा, हे तुमच्यामुळे.

पीएचक्यूतल्या दोन आठवड्यांचं गणित सिस्टरनी सोडवलं. त्या कालनिर्णय घेऊन बसतात. "गेल्या एकादशीपासून ह्या एकादशीपर्यंत," आणि बोट फिरवतात. मुसलमान मोहल्ल्यातल्या बायकांना "मागचे दोन जुम्मे". मग "ह्यातले किती दिवस?" म्हटलं की पेशंट स्वतः बोट ठेवून मोजतात. काजूबी, आता कुणी तोंडाकडे बघत बसत नाही.

ज्यांचे गुण नऊ ते बारा आहेत त्यांच्यापाशी मी अडते. टीबीच्या एका तरुणाला अकरा आले, त्यातले आठ फक्त थकवा, झोप आणि भूक यांचे. गोडी शाबूत, क्रिकेटबद्दल अर्धा तास बोलला. त्याला महिन्याने परत मोजणार आहे. काकींना सतरा. झोपेचा गुण एकच, पण गोडी आणि उदासी या पीएचक्यूच्या पहिल्या दोन प्रश्नांना तीन-तीन. मुलगा दुबईला, सून माहेरी, घरात त्या आणि रेडिओ. तज्ज्ञांनी औषध चालू केलंय, दर गुरुवारी सिस्टरपाशी पंधरा मिनिटं बसतात. काल अबोलीचा वळेसर घेऊन आल्या होत्या.

पेटीमास्तर
वळेसर वाचून डोळे भरून आले, डॉक्टर. माझी जीडीएस नातवाने करून घेतली. पंधरात दोन. श्रीखंड चालू आहे.

कातळफूल
पेटीमास्तर, शुगर किती आहे ते पण कळवा!

एक शेवटचं विचारायचंय. भरलेला कागद केसपेपरलाच टाचायचा का वेगळा ठेवायचा? आमच्याकडे केसपेपर पेशंटच्या हातात असतो.

सांजवारा
वेगळा. केसपेपर रिक्षावाल्यापासून नणंदेपर्यंत सगळे वाचतात.

निळीशाई
वेगळा, कुलपात. केसपेपरवर फक्त तारीख आणि पुढची भेट लिहा.

कातळफूल
ठीक. औषधांच्या कपाटाचा खालचा कप्पा रिकामा आहे, किल्ली सिस्टरकडे असते. उद्या गुरुवार, उद्यापासून तिथेच.